जुन्या टोयोटा मोटरहोमला स्वतः क्रूझ कंट्रोल बसवायचं असेल तर

कॅलिफोर्नियात सॅन होजेहून निघून पचेको पासचा घाट उतरलं आणि आय-५ हायवेला लागलं की पुढे ग्रेपव्हाइन घाटाच्या पायथ्यापर्यंत दोनेकशे मैल रस्ता म्हणजे फूटपट्टी ठेवून मारलेली रेघ. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, मधे कोलिंगाजवळ गुरांचा तो वास की गाडीत झोपलेले पण उठून बसतात, आणि बाकी काहीच नाही. आमची गाडी १९९० ची, टोयोटा पिकअपच्या चासीवर बांधलेलं २१ फुटी मोटरहोम, २२आरई इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, चार स्पीड ऑटोमॅटिक, आणि पाणी-सामान-माणसं भरली की वजन ६००० पौंडांच्या घरात. म्हणजे एक्सलेटर जवळजवळ तळाला नेऊन तिथेच धरून बसायचं. तीन तासांनी पोटरी अशी भरून यायची की पेट्रोल भरायला उतरलो की पहिली दहा पावलं लंगडत. बायको म्हणाली, "एकतर ही गाडी विकून टाक, नाहीतर त्या पायाचं काहीतरी कर." गाडी विकणार नव्हतोच, मग क्रूझ कंट्रोल, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता गाडीचा वेग धरून ठेवणारं किट, बसवायचं ठरलं.

दोन वीकेंड गेले. त्यातला एक अख्खा वीकेंड माझ्याच एका जुन्या उद्योगामुळे गेला, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. खाली जे लिहिलंय ते केबलने उघडणाऱ्या थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) पेट्रोल गाडीबद्दल आहे, म्हणजे पेडलपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत खरीखुरी तार जाते अशी गाडी. बॉनेट उघडा, कुणाला तरी पेडल दाबायला सांगा, थ्रॉटलवरची चकती तारेने फिरताना दिसली तर तुमची गाडी ह्यात बसते. पेडलला नुसती वायर जात असेल तर तिच्यासाठी पेडल आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मधे लागणारे वेगळे किट असतात, ते काम तासाभराचं आहे आणि ह्या लेखाचा तुम्हाला फार उपयोग नाही. मॅन्युअल गिअरवाल्यांसाठी मधे मधे सांगत जातो.

माझे बाबा तेव्हा सांगलीहून आलेले होते. एसटीच्या वर्कशॉपमधे आयुष्य गेलेला माणूस, इथे येऊन सोफ्यावर बसून कंटाळलेला. किटचा बॉक्स उघडल्यावर मी वायरिंगचा कागद पसरला आणि त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो तर त्यांनी कागदाकडे बघितलं पण नाही. म्हणाले, "ते धरतं कसं ते नंतर सांग. सोडतं कसं?" मी म्हटलं, "बाबा, ब्रेक दाबला की सुटतं." तर म्हणे, "ब्रेकची वायर तुटली तर?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधताच पूर्ण काम झालं असं म्हणायला हरकत नाही. वेग धरून ठेवायचं काम किट आपलं आपण करतं. थ्रॉटल शंभर टक्के, प्रत्येक वेळी, कुठलीही वायर निघाली तरी सुटला पाहिजे हे मात्र तुमच्या हातात आहे, त्यामुळे कामाचा क्रम त्या हिशोबानेच लावा.

किट घ्यायच्या आधी गाडी बघा

इंजिन बंद ठेवून थ्रॉटलची चकती हाताने पूर्ण उघडा आणि सोडून द्या. खट्ट आवाज करून ती बंद झाली पाहिजे. हळू हळू, विचार करत करत बंद होत असेल तर किटचं नाव पण काढू नका, आधी थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ करा, रिटर्न स्प्रिंग बघा, पेडलची केबल आतून गंजलीय का बघा. क्रूझ सुटल्यावर थ्रॉटल मागे आणणारी स्प्रिंग हीच असते. बाबांनी ती चकती वीसेक वेळा उघडून सोडली असेल, कान लावून. मग म्हणाले चालेल.

ब्रेक लाइट पेडलला जरा पाय लागताच पेटतात ना? अर्धं पेडल दाबल्यावर पेटत असतील तर पेडलजवळचा स्विच ऍडजस्ट करा, कारण क्रूझ पण तेवढ्याच उशिरा सुटणार. आणि स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर त्याची केबल बदला, कारण किटला वेग कळणार तो त्याच केबलमधून.

ह्या टोयोटांची आणखी दोन दुखणी प्रसिद्ध आहेत, क्रूझशी संबंध नाही पण पैसे कुठे आधी घालायचे ते कळावं म्हणून सांगतो. एक, २२आरईच्या टायमिंग चेनचे प्लॅस्टिक गाइड झिजून तुटतात, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पुढून खडखड आली तर आधी ते. दुसरं, सुरुवातीच्या काही मोटरहोमना मागचा ऍक्सल वजनाला कमी पडणारा लावला होता, त्यावर रिकॉल निघाला होता. मागच्या चाकांना पाच बोल्ट असतील तर क्रूझचे पैसे बाजूला ठेवा आणि सहा बोल्टवाल्या जड ऍक्सलचं बघा.

व्हॅक्यूमवाला की इलेक्ट्रिक

युनिव्हर्सल किट दोन जातीचे. जुन्या पद्धतीचा व्हॅक्यूमवर चालतो, इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने एक डायफ्रॅम ओढला जातो आणि तो थ्रॉटलची तार ओढतो. हलक्या कारमधे ठीक आहे. पण आपली गाडी चढाला लागली की थ्रॉटल पूर्ण उघडा आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, म्हणजे ज्या क्षणी जोर लावून धरायला पाहिजे नेमकं त्याच क्षणी त्याच्या अंगातली ताकद जाते. त्यावर उपाय म्हणून व्हॅक्यूम साठवायचा डबा लावतात, पण लांब चढ असेल तर तो पण रिकामा होतो. डिझेलमधे तर इनटेकला थ्रॉटलच नसतो बहुतेक, त्यामुळे व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून घ्यावा लागतो. जुन्या बाजारात हे किट स्वस्तात मिळतात, मोहात पडू नका.

इलेक्ट्रिक किटच्या सर्वोत, म्हणजे तार ओढणाऱ्या डब्यात, मोटर असते आणि ती तार ओढते, व्हॅक्यूमशी घेणंदेणं नाही. मी रॉस्ट्रा कंपनीचा युनिव्हर्सल इलेक्ट्रिक किट घेतला, वर डॅशवर लावायचा बटणांचा पॅड. रिले, फ्यूज, वायर, क्लिपा असं सगळं धरून मला साडेतीनशे डॉलरच्या आसपास पडलं. खाली जे सांगतोय ते त्या जातीच्या कुठल्याही किटला लागू होईल पण वायरींचे रंग मी मुद्दाम लिहीत नाहीये, रंग तुमच्या बॉक्समधल्या कागदावरूनच घ्या, माझ्या लेखावरून घेऊ नका.

(एक गंमत. क्रूझ कंट्रोल ज्याने शोधला तो राल्फ टीटर लहानपणापासून आंधळा होता. शेजारी बसलेल्या माणसाच्या गाडी चालवण्यातले हिसके त्याला जाणवायचे, त्यातून ही कल्पना. १९५८ मधे क्रायस्लरने पहिल्यांदा गाडीत दिला.)

सर्वो कुठे लावायचा

बॅटरीची निगेटिव्ह काढा. मोटरहोममधे दोन बॅटऱ्या असतात, चासीची वेगळी आणि घराच्या भागाची वेगळी, दोन्ही काढा. काही गाड्यांत दोघींच्या मधे रिले असतो आणि एकच काढली तर दुसरीकडून करंट येतो.

जागा निवडताना तीन गोष्टी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब. चासीला किंवा बॉडीला घट्ट, इंजिनला नाही, कारण इंजिन हलतं. आणि तिथून थ्रॉटलपर्यंत तार मोठ्या सैल वळणाने जाईल अशी. बाटलीच्या बुडाएवढं वळण आलं की आतली तार घासणार आणि क्रूझ सुटताना अडखळणार. मी आधी सर्वो फायरवॉलला नुसता हाताने धरून, तार लावून, चारपाच जागा बदलून बघितल्या. मास्किंग टेपने चिकटवून ठेवला, बॉनेट बंद करून बघितलं, मग भोकं पाडली. भोक पाडायच्या आधी फायरवॉलच्या आतल्या बाजूला काय आहे ते वाकून बघा, तिथे हीटरची नळी असली तर कामाला नवीनच फांदी फुटेल.

पाणी आत शिरू नये म्हणून तारेचं तोंड आणि वायरचं कनेक्टर खाली किंवा आडवं. ह्या गाड्यांना छपरावरून, खिडक्यांतून, कुठून कुठून पाणी येतं ते मालकांना सांगायला नको.

थ्रॉटलला तार जोडणं, आणि इथे घाई नको

किटमधे तार थ्रॉटलला जोडायला वेगवेगळी जोडणी येतात, त्यात एक मण्यांची साखळी असते, जुन्या टेबललॅम्पच्या ओढायच्या साखळीसारखी. तीच वापरा. तिचा फायदा असा की साखळी ओढू शकते पण ढकलू शकत नाही. तुम्ही पायाने पेडल दाबलं तर ती नुसती सैल पडते आणि सर्वोला काहीच कळत नाही, सर्वोने ओढलं तर ताठ होते.

थ्रॉटलच्या चकतीवर पेडलची तार जिथे आहे तिच्या बाजूला, पण तिच्या खाचेत नाही, साखळीसाठी जागा शोधा. दोन्ही एकाच दिशेने ओढल्या गेल्या पाहिजेत. मग साखळीत किंचित सैलपणा ठेवा, दोनतीन मिलिमीटर. अजिबात सैल नसेल तर आयडल (पेडलला पाय नसतानाचा इंजिनचा वेग) चढून बसेल, आणि बोटभर सैल ठेवलीत तर सर्वो आधी ती ढील गोळा करेल आणि मग एकदम ओढेल, त्याने गाडी रस्त्यावर डुलायला लागते.

ऑटोमॅटिकवाल्यांनी हे नीट वाचा. २२आरईच्या ए४३डी गिअरबॉक्सला थ्रॉटलपासून अजून एक केबल जाते, किकडाउनची. थ्रॉटल किती उघडलाय ते ह्या केबलवरून गिअरबॉक्सला कळतं आणि त्यावर आतलं तेलाचं प्रेशर ठरतं. मी साखळीसाठी ब्रॅकेट लावताना त्याच बोल्टवर लावलं ज्याने किकडाउन केबलचं ब्रॅकेट धरलेलं होतं आणि ते एका वॉशरएवढं सरकलं. दिसायला काहीच नाही. पण ब्लॉकमधे गाडी फिरवली तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला ती मागायची त्यापेक्षा कितीतरी जास्त वेग घेत होती आणि पडताना धक्का देत होती. हे असंच चालवत राहिलो असतो तर गिअरबॉक्सचं काय झालं असतं देव जाणे. चेक करायची पद्धत सोपी आहे: इंजिन बंद, कुणाला तरी पेडल पूर्ण तळाला दाबून धरायला सांगा, आणि किकडाउन केबलवर जो छोटा स्टॉपर दाबून बसवलेला असतो तो आणि केबलच्या रबरी टोपणाचं तोंड ह्यांच्यातलं अंतर बघा. ० ते १ मिलिमीटर पाहिजे. माझं चार झालं होतं. ब्रॅकेट वेगळ्या बोल्टवर नेलं, केबल ऍडजस्ट केली, गिअर पहिल्यासारखे पडायला लागले. त्यामुळे त्या ब्रॅकेटला हात लावायच्या आधी मार्करने खुणा करा आणि मोबाइलने फोटो काढा.

जोडून झालं की परत तीच टेस्ट. चकती उघडा, सोडा, खट्ट. मग एअर फिल्टरच्या नळ्या परत लावा आणि पुन्हा खट्ट, कारण बहुतेक वेळा साखळी अडकते ती नंतर लावलेल्या कशात तरी.

गाडीचा वेग किटला कसा कळणार

इथे जुन्या टोयोटावाले नशीबवान आहेत. स्पीडोमीटर केबलवर चालतो पण त्याच्या आत एक छोटा रीड स्विच (चुंबकाने चालणारा) आहे, तो केबलच्या एका फेऱ्याला चार वेळा उघडबंद होतो आणि तो सिग्नल ईसीयूला जातो. ईसीयू पॅसेंजरच्या पायाशी, उजव्या बाजूच्या पॅनलमागे. सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा घ्या, स्पीडची पिन शोधा, मल्टिमीटर डीसी व्होल्टला लावून कनेक्टरच्या मागून सुई घाला, इग्निशन ऑन करा, गिअर न्यूट्रलला आणि कुणाला तरी गाडी हळू ढकलायला सांगा. सपाट जागेवर, आणि ब्रेकवर एक माणूस बसवून, तीन टनांची गाडी आहे. आकडा शून्य, वर, शून्य, वर असा नाचला म्हणजे तीच वायर. तिला कापायचं नाही, बाजूने जोडायचं आणि सोल्डर करायचं. ते निळे चिमटेवाले कनेक्टर इथे नकोत, दोन वर्षांत आत हिरवं होतं.

आता किटला सांगायचं की एका मैलाला किती पल्स येतात. जपानी स्पीडोमीटरची केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे मारते, मैलाला साधारण १०२५, गुणिले चार म्हणजे ४१००. किटवर बारीक स्विचांची रांग असते त्यात ४००० च्या सर्वात जवळचं सेटिंग निवडा. ऍक्सलचा रेशो, टायरचा साइज ह्याची काळजी करायची गरज नाही, ते सगळं स्पीडोमीटरच्या गिअरमधे आधीच आलेलं असतं. काटा बरोबर दाखवतोय म्हणजे पल्स बरोबर आहेत.

ज्यांच्या गाडीत असा सिग्नलच नाही त्यांना प्रोपेलर शाफ्टवर मॅग्नेट बांधून समोर सेन्सर लावावा लागतो. तेव्हा मात्र हिशोब करा. उदाहरणार्थ १८५आर१४ टायर मैलाला ७९० च्या आसपास फेरे मारतो, ऍक्सल ४.१० असेल तर शाफ्टचे फेरे झाले ३२००-३२५०, एक मॅग्नेट असेल तर तेवढेच पल्स, दोन समोरासमोर लावले तर दुप्पट. मॅग्नेट शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला लावा, ऍक्सलकडे नाही, कारण मागचं टोक खड्ड्यात वरखाली होतं आणि सेन्सरपासूनचं अंतर बदलतं.

ब्रेकच्या वायरी, जिथे माझा वीकेंड गेला

ब्रेक पेडलच्या वरच्या स्विचला दोन वायरी. एकीवर कायम १२ व्होल्ट, दुसरीवर पेडल दाबल्यावरच. टेस्ट लॅम्पने कुठली कुठली ते बघा. किटची एक वायर ह्या बाजूला, एक त्या बाजूला.

सगळं जोडलं, रस्त्यावर नेली, बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. घरी आणली, सगळी जोडणी परत तपासली, स्पीडचा सिग्नल बघितला, किट खराब आला असं ठरवून परत पाठवायची तयारी पण केली. रविवारी संध्याकाळी बाबा गाडीच्या मागे खुर्ची टाकून चहा पीत बसलेले, मी पेडल दाबल्यावर म्हणाले, "हे लाइट लई पांढरट लाल दिसतात रे, बल्ब कुठले टाकलेस?"

तिथे ट्यूब पेटली. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने मागचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले होते.

त्याचं असं आहे. पेडल सोडलेलं असताना स्विचच्या त्या दुसऱ्या बाजूला करंट नसतो, पण ती वायर ब्रेक लाइटच्या बल्बच्या फिलॅमेंटमधून पार अर्थपर्यंत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या बॉडीपर्यंत, गेलेली असते. किट हे तपासतो. तिथे अर्थ दिसली म्हणजे वायर शाबूत, बल्ब शाबूत, ब्रेक दाबलेला नाही, चला आता वेग धरू. ब्रेक दाबला की तिथे १२ व्होल्ट येतात आणि तो सोडून देतो. वायर तुटली किंवा सगळे बल्ब गेले तर अर्थच दिसत नाही आणि क्रूझ लागतच नाही. बाबांच्या "ब्रेकची वायर तुटली तर?" ह्याचं उत्तर तिथेच होतं. आणि एलईडीमधून किटला हवी तशी अर्थ मिळत नाही, त्याला वाटतं बल्ब गेलेत.

दोन उपाय. पाच पिनांचा रिले लावायचा: ८६ ला ब्रेक लाइटची वायर, ८५ अर्थ, ३० ला किटची वायर, ८७ए अर्थ, आणि ८७ ला फ्यूजमधून १२ व्होल्ट. पेडल सोडलेलं असताना किटला अर्थ दिसते, दाबल्यावर १२ व्होल्ट. चालतं छान. पण ह्यात रिलेची कॉइल जळाली तर किटला कायम अर्थच दिसत राहणार, म्हणजे ब्रेक दाबला तरी ह्या वायरीवरून त्याला कळणारच नाही. मला ते पटेना. मी सरळ मागचे दोन जुने साधे बल्ब परत टाकले, पाच डॉलर, विषय संपला. एक जरी फिलॅमेंटवाला बल्ब त्या लाइनवर असला तरी भागतं पण दोन बरे, एक गेला तर भर प्रवासात क्रूझ बंद पडायला नको.

जोडायच्या आधी मल्टिमीटरने मोजून घ्या. पेडल सोडलेलं, बल्बकडच्या वायरीपासून बॉडीपर्यंत एकदोन ओहमच्या आत यायला पाहिजे. जास्त आलं तर मागे कुठेतरी अर्थ खराब आहे, आणि मोटरहोममधे ते हमखास असतं, कारण टोयोटाच्या वायरी चासीच्या शेवटाला संपतात आणि तिथून पुढे घर बांधणाऱ्यांनी जोडून नेलेल्या असतात, कशाही.

मॅन्युअल गिअर असेल तर क्लचच्या पेडलला पण स्विच लागतो. तो नसेल तर क्रूझवर असताना क्लच दाबलात की इंजिन मोकळं सुटून किंचाळेल. किटमधे इंजिनच्या आरपीएमची वायर असते, कॉइलच्या निगेटिव्हला जोडायची, ती आरपीएम एकदम उडाले की क्रूझ तोडते. मी ऑटोमॅटिक असून पण ती जोडली, चुकून कुणी गिअर न्यूट्रलला टाकला तर म्हणून. तिला आणि स्पीडच्या वायरीला प्लगच्या जाड वायरींपासून लांबून न्या.

पॉवर, अर्थ, बटणं

पॉवर चासीच्या फ्यूज बॉक्समधून, चावी ऑन असतानाच येणाऱ्या लाइनवरून, स्वतःचा वेगळा फ्यूज टाकून, किटच्या कागदात सांगितलाय तेवढ्याच अँपिअरचा. घराच्या बॅटरीवरून अजिबात नको. मी मधे एक साधा खटक्याचा स्विच पण टाकला, डॅशवर, न बघता हात जाईल असा. तो पाडला की किटची पॉवरच गेली. किट त्याच्याशिवाय पण चालतो, पण पन्नास सेंटच्या स्विचने मला झोप चांगली लागते. अर्थला बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, बोल्ट घट्ट, वरून ग्रीस.

बटणांचा पॅड किंवा स्टिअरिंगच्या कॉलमवरची दांडी, दोन्ही मिळतं. ह्या गाड्यांचं कॉलमवरचं प्लॅस्टिक तीसपस्तीस वर्षं ऊन खाऊन बिस्किटासारखं झालेलं असतं, ड्रिल लावलं की तडा. म्हणून मी पॅड घेतला.

उभ्या गाडीत, मग रस्त्यावर

ह्या किटांत टेस्ट मोड असतो, त्यात एक बारका दिवा पेटतो. बटण दाबलं, ब्रेक दाबला, गाडी ढकलली, प्रत्येकाला तो दिवा प्रतिसाद देतो का ते बघा. हे न करता रस्त्यावर जाऊ नका, माझा तो रविवार वाचला असता. इंजिन चालू करून आयडल आधीइतकंच आहे ना बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, गिअर डीमधे टाकून ब्रेक दाबून धरून जरा रेस करा म्हणजे इंजिन माउंटवर कलतं, तेव्हा साखळी ताणली जात नाही ना ते बाहेर बाजूला उभ्या माणसाने बघायचं, पुढे नाही.

रस्ता रिकामा, सरळ, सुका. मी रविवारी पहाटे गेलो. ताशी ३० मैलांच्या आसपासपर्यंत बहुतेक किट सेटच होत नाहीत, तेव्हा ४५ ला सेट करा आणि लगेच ब्रेकला नुसता पाय लावा. सुटलं? परत सेट, आता कॅन्सलने. परत सेट, आता ऑफने. परत सेट, आता त्या खटक्याच्या स्विचने. चारही मार्गांनी सुटलं की मगच "किती छान धरतं" हे बघायला लागा.

गाडी डुलत असेल, म्हणजे ५५ ला लावलंय आणि ती ५२-५८-५२ करतेय, तर आधी साखळीची ढील बघा, मग सेन्सिटिव्हिटीचं सेटिंग एक पायरी कमी करा. उलट चढ लागला की वेग फार पडतोय आणि तो सावकाश जागा होतोय असं असेल तर एक पायरी वाढवा. माझं तिसऱ्या चकरेला जमलं. सपाटीवर आता काटा एका मैलाच्या आत राहतो.

वापरताना

घाटात क्रूझ काढा. ग्रेपव्हाइनचा चढ ६ टक्क्यांचा, वर तेहोन पास ४१४४ फुटांवर, तिथे आमची गाडी उजव्या लेनमधे ट्रकांच्या मागे ३५-४० ने रडत जाते. बोरघाटात भरलेली लाल डबा कशी जायची तसं. क्रूझला तिथे सोडलं तर थ्रॉटल पूर्ण उघडून बसतो, गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) आणि तिसऱ्यामधे वरखाली करत राहतो आणि तेल तापतं. ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करा आणि पायाने चालवा. उतारावर तर हे किट ब्रेक मारत नाहीत, थ्रॉटल पूर्ण बंद झाला तरी ६००० पौंड खाली ओढतच राहणार, तिथे खालचा गिअर. पावसात, बर्फात, आणि ते सेंट्रल व्हॅलीतलं हिवाळ्याचं धुकं असतं त्यात बंद.

पहिल्या पाचशे मैलांनंतर बॉनेट उघडून सर्वोचे बोल्ट आणि तारेची क्लिप परत आवळा, माझी एक क्लिप अर्धा फेरा सैल झाली होती. साखळीची ढील परत मोजा. मागचे बल्ब कुणी बदलले तर, मेकॅनिकने असो की मित्राने, कुठले टाकले ते विचारा. मी मागच्या दिव्याच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलंय: साधाच बल्ब.